एका थेंबात दोघी

३ मार्च

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद.

आधी सगळ्यांच्या तब्येती. तुझी कशी आहे? खोकला गेला, की अजून त्या तुमच्या बर्फाळ खोलीत स्वेटर न घालताच जातेस? ताईचे गुडघे काय म्हणतात? जिना चढताना मध्येच थांबून "मी दमले नाही, जरा खिडकीतून बघतेय" असं अजून सांगते का? माझीच बहीण आहे ती, मला ठाऊक आहे. लहानपणी खेळात हरायला आली की तिला तहान लागायची. तुझ्या मार्गदर्शक मॅडमचा घसा उघडला का? मागच्या वेळी त्या हातवारे करून रागावत होत्या असं लिहिलं होतंस. तुमचा तो मोठा फ्रीज मध्ये आजारी पडला होता, तो हिंडूफिरू लागला का? आणि तुमच्या प्रयोगशाळेत जो नवा माणूस आलाय, ज्याला तुम्ही पोरीबाळी शंकासुर म्हणता, त्याचं पोट कसं आहे? ज्याला उठता बसता शंका येतात त्याचं पोट कधी ठिकाणावर नसतं, असा माझा अंदाज.

इकडे तुझ्या मामीचं कोपर दुखतंय. जन्मभर लॉन्ड्रीत इस्त्री ओढली मी आणि कोपर दुखतंय तिचं. हे वाक्य तिने आत्ताच खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "लिहा, लिहा. गाठोडी कोण उचलत होतं तेही लिहा." लिहिलं.

माझ्या डाव्या कानाने संप पुकारलाय आणि उजवा त्याला सामील व्हायच्या बेतात आहे. त्यामुळे परवा तू फोनवर एवढ्या आनंदाने जे सांगत होतीस त्यातलं मला 'नवीन' एवढंच ऐकू आलं आणि शेवटी तू हसलीस ते ऐकू आलं. मधलं सगळं वाऱ्यावर. मी आपला "वा वा" करत राहिलो. नंतर वाटलं, तू एखादं दुःखाचं सांगत असतीस तर?

तेव्हा नीट कागदावर लिही. शाळा माझी लवकर सुटली हे खरं, पण वाचनालयात बसून बसून पुष्कळ काही डोक्यात कोंबलंय. फक्त लॉन्ड्रीवाल्याला उचलेल एवढंच गाठोडं बांध.

तुझा मामा

११ मार्च

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार.

खोकला गेला. आईचे गुडघे तसेच. आता ती खिडकीतून बघताना मलाही बोलावते, म्हणजे दोघी दमलो असं होत नाही. मॅडमचा घसा उघडला, आम्हाला हातवारेच बरे वाटत होते. फ्रीज बरा आहे. शंकासुराचं पोट ठणठणीत आहे, आमचं त्याच्यामुळे बिघडतं.

आता गाठोडं. आपल्या रक्तात शरीराचे पहारेकरी असतात, निरनिराळ्या जातीच्या पेशी. कोणी गस्त घालून जंतू गिळतात, कोणी नेमका शत्रू ओळखून त्याच्यावर धावून जातात. प्रत्येक पेशीच्या आत हुकमाच्या चिठ्ठ्या फिरत असतात: हे बनव, ते थांबव. या चिठ्ठ्यांना आरएनए म्हणतात. त्या वाचल्या की ती पेशी त्या घडीला कोणत्या कामात होती ते कळतं.

पूर्वी काय करायचे, तर सगळ्या पेशी एकत्र फोडून सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकदमच वाचायचे. म्हणजे तू सगळ्या गिऱ्हाइकांचे कपडे एकाच हौदात टाकायचेस आणि पाण्याचा रंग बघून सांगायचंस की आज कोण कोण येऊन गेलं. कोणाचा एखादा निळा हातरुमाल असेल तर त्याचा पत्ता लागेल का? माझ्या पेशी म्हणजे तो हातरुमाल. फार दुर्मीळ.

आता आम्ही मशीनमध्ये एकेका पेशीला तेलात तरंगणाऱ्या एकेका इवल्या थेंबात बसवतो. थेंबात एक मणी असतो आणि प्रत्येक मण्याची खूण वेगळी. त्या थेंबातल्या सगळ्या चिठ्ठ्यांवर ती खूण बसते, तू काउंटरवर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्यांवर दोऱ्याने घालतोस तशी. मग सगळं बिनधास्त एकत्र करा; वाचून झाल्यावर खुणेवरून ज्याचं त्याला.

असं वाचताना, मामा, मला एक छोटासा घोळका सापडलाय. या पेशींच्या अंगावर दोन जातींच्या खुणा आहेत. गस्त घालणाऱ्या मोनोसाइटच्याही आणि धावून जाणाऱ्या टी-पेशीच्याही. छातीच्या संसर्गातून नुकत्या उठलेल्या माणसांत त्या जास्त दिसतात, धडधाकट माणसांत जवळजवळ नाहीतच. असा पहारेकरी आजवर कोणी नोंदवलेला नाही. आमचा संगणक त्यांना कचरा समजून गाळून टाकत होता, पण मी ती चाळणी बंद करून पाहिलं आणि या समोर आल्या! मॅडम खूश आहेत. जूनमधल्या मोठ्या परिषदेत माझं भाषण ठेवलंय. माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण यावर उभं राहील. ते उभं राहिलं की या वर्षी सुटले.

एक मात्र ऐक. वाचनालयात एवढ्यात बोलू नकोस.

तुझी भिंगरी

२० मार्च

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद आणि कडक शब्दांत तक्रार. "वाचनालयात बोलू नकोस" हे वाक्य तू शेवटच्या पानावर लिहिलंस. असली वाक्यं पहिल्या पानाच्या डोक्यावर लिहायची असतात. मी दुसऱ्या पानावर असतानाच वाचनालयाच्या पायऱ्या चढत होतो.

आत औषधवाला पेपर घेऊन बसला होता. मला बघून म्हणाला, "काय लॉन्ड्रीवाले, आज चेहऱ्यालाच इस्त्री मारून आलात?"

मी म्हटलं, "भाचीने नवीन पेशी शोधली."

"कुठे हरवली होती?"

त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही. कार्यवाह मात्र चष्मा पुसत पुढे आले. "नवीन म्हणजे? आजवर कोणी पाहिलीच नव्हती?"

"कोणीच."

"आणि आपल्या गल्लीतल्या मुलीने पाहिली?"

"माझ्या भाचीने," मी म्हटलं. गल्लीचा काय संबंध?

मग मी सगळ्यांना ते हौदाचं आणि हातरुमालाचं समजावून सांगितलं. फार छान जमलं. दोघं तिघं तर आपापले रुमाल काढून बघू लागले. औषधवाल्याने विचारलं, "नाव काय ठेवलं पेशीचं?" मी म्हटलं, ठरतंय. एकाने तुझंच नाव सुचवलं, एकाने तुझ्या आईचं. माझं कोणी सुचवलं नाही हे लक्षात ठेवलंय.

थोडक्यात, तू जुलैत घरी येशील तेव्हा वाचनालयात तुझा सत्कार. कार्यवाहांनी फलक रंगवायला टाकलाय. मामी म्हणाली, "तुमच्या पोटात एक गोष्ट टिकत नाही, म्हणून पोरगी पोटातल्या नाही, रक्तातल्या पेशी शोधते." बोलण्याला अर्थ नाही, पण लागलं.

परिषदेत कोणता पोशाख घालणार आहेस ते कळव. पाठवून दे, मी इस्त्री करून परत पाठवतो. तुमच्या शहरातली इस्त्री मी पाहिलीय.

तुझा मामा

२ एप्रिल

प्रिय मामा,

सा. न. काम खूप आहे म्हणून चारच ओळी. आम्ही बऱ्या आहोत. फलकाचं जरा थांबवता आलं तर बघ, घाई नको. शंकासुराने एक प्रश्न विचारून ठेवलाय, त्याच्या मागे आहे. हा शंकासुर म्हणजे डोक्याला ताप आहे. शंकासुर रोज संध्याकाळी येऊन विचारतो, झालं का. पोशाखाचं नंतर बघू. मामीचं कोपर शेकत जा.

तुझी भिंगरी

३० एप्रिल

प्रिय भिंगरी,

चार ओळींचं पत्र आलं, त्यालाही महिना होत आला. मध्ये मी दोन कार्डं टाकली, त्यांनाही उत्तर नाही. ताईला फोन केला तर ती म्हणाली, "जेवते, झोपते, बोलत नाही." निदान मला एवढं ऐकू आलं.

मी आणि मामीने तुझ्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या आणि आता आम्हाला सगळं समजलंय. चार ओळींत शंकासुर किती वेळा आलाय ते तूच बघ. आई एकदाही नाही, मॅडम एकदाही नाहीत, ज्या पेशीसाठी एवढा आटापिटा तीही नाही. शंकासुर मात्र रोज संध्याकाळी येतो!

मला काही हरकत नाही. मामी म्हणते पोट ठणठणीत आहे हे आधीच कळलंय, निम्मी चौकशी झाली. शंका काढणारा नवरा काही वाईट नसतो, भाजी घेताना उपयोगी पडतो. फक्त आम्हाला इतरांकडून कळायला नको. जुलैत सत्काराला त्यालाही घेऊन ये, पहिल्या रांगेत बसवू.

फलक झाला. निळ्यावर पांढरी अक्षरं. औषधवाल्याने शुद्धलेखन तपासलं. मी रोज जाता येता बघतो. खरं सांगतो, पोरी, एवढी वर्षं लोकांचे कपडे चमकवले, पण अशी चमक कधी पाहिली नाही.

एवढं वाचून तरी उत्तर लिही.

तुझा मामा

९ मे

प्रिय मामा,

सा. न. तुझं पत्र वाचून मी हसले आणि मग रडले. आई खिडकीशी होती, तिला कळलं नाही. तुला सगळं सांगते. फोनवर सांगणं सोपं होतं, तू 'वा वा' म्हणाला असतास. पण तसं करायचं नाही.

शंकासुराने विचारलं होतं, "तुझ्या एका थेंबात दोन पेशी शिरल्या असतील तर?"

मी म्हटलं, "शिरतात कधी कधी. त्यासाठी चाळणी असते."

"मग चाळणी काय म्हणते?"

मी टेबल आवरायला लागले. तो म्हणाला, "बंद केलीस?"

समजलं ना, मामा? थेंबात मणी एक, खूण एक. चुकून दोघी एकाच थेंबात शिरल्या तर दोघींच्या चिठ्ठ्यांवर एकच खूण बसते आणि आम्ही समजतो की ही एकच पेशी, दोन जातींची! संगणकातली चाळणी अशाच जोड्या ओळखून काढून टाकते. ती माझा घोळका टाकत होती. मला वाटलं, दुर्मीळ म्हणून तिला ओळखू येत नाही. मला ती नवी हवी होती, म्हणून चाळणी चुकीची वाटली. एवढंच.

आणि मॅडमना मी चाळणीचं कधी सांगितलंच नाही. लपवलं असं नाही. म्हणजे, आधी विषय निघाला नाही, मग निघू नये असं वाटायला लागलं.

आता एक परीक्षा करता येते. एका पुरुषाचं आणि एका बाईचं रक्त एकत्र करायचं. काही चिठ्ठ्या फक्त बाईच्या पेशीत असतात, काही फक्त पुरुषाच्या. माझ्या पेशी खरोखर एकेकट्या असतील तर प्रत्येकीत एकाच बाजूच्या चिठ्ठ्या दिसतील. मशीनमध्ये चुकून दोघी दोघी शिरल्या असतील तर त्यांतल्या पुष्कळ थेंबांत बाईच्याही आणि पुरुषाच्याही दिसतील. परीक्षा सोपी आहे. मी महिनाभर ती करत नाहीये. परिषदेच्या छापील कार्यक्रमात माझं भाषण आहे. मी विचार करतेय की आधी गुपचूप परीक्षा करावी. चांगली निघाली तर चाळणीचं बोलायलाच नको, वाईट निघाली तर सांगावं. हे चालेल ना?

तू 'निळ्यावर पांढरी अक्षरं' असं लिहिलंस ते वाचून मी कागद उलटा ठेवला. मॅडमपेक्षा जास्त भीती तुझीच वाटते.

भिंगरी

१५ मे

प्रिय भिंगरी,

अनेक अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी आधी मोठ्याने हसलो. मामी धावत आली. तिला वाचून दाखवलं, तीही हसली, कोपर धरून. एका थेंबात दोघी शिरल्या आणि तू त्यांना एक समजलीस! अगं, आमच्याकडे एकदा एका गिऱ्हाइकाच्या कोटात त्याच्या बायकोचा झगा अडकून आला होता. पोऱ्याने विचारलं, "हा कोणता नवीन फॅशनचा कोट?" आम्ही दिवसभर हसलो. त्याचं भाषण कुठे ठेवलं नाही म्हणून बरं.

आता हसणं पुरे. तू विचारलंस, चालेल का. नाही चालणार. चाळणी तू बंद केलीस हे झालेलं आहे. परीक्षा चांगली निघाली तरी ते झालेलंच राहणार. मग ते सांगायला निकालाची वाट कशाला बघायची? उद्या सकाळी जा आणि सांग. मॅडम हातवारे करतील, आवाज चढवतील, घसा पुन्हा बसेल. बसू दे.

आणि ते शेवटचं वाक्य. माझी भीती वाटते म्हणालीस. मी ती ओळ मामीला वाचून दाखवली नाही. पोरी, मी चमक कशाची बघत होतो? तुला वाटलं पेशीची? पेशी मला कुठे दिसणार होती, चष्म्याशिवाय मला फलकही दिसत नाही. तुझ्या त्या फोनवरच्या हसण्याने मी नाचत होतो. चूक माझी, आधी नाचलो.

तेव्हा ती मी निस्तरली. काल वाचनालयात सगळे जमले असताना उभा राहिलो. म्हटलं, "मंडळी, ती पेशी नवी आहे की नाही ते अजून ठरायचंय. भाचीने मला बोलू नको म्हणून लिहिलं होतं. मी बोललो."

औषधवाला म्हणाला, "ऐकू येत नाही हे माहीत होतं. आता वाचताही येईना?"

मी म्हटलं, "शेवटच्या पानावर होतं हो."

"माझ्या औषधांवरच्या सूचनाही तुम्ही अशाच वाचता. म्हणूनच तुमचा कान गेला."

सगळे खो खो हसले. मीही हसलो, थोडा उशिरा, कारण अर्धं मामीने नंतर सांगितलं. ती मुद्दाम आली होती. तुझी अब्रू राखायला की माझी फजिती बघायला, ते विचारायचं धाडस झालं नाही. कार्यवाहांना मात्र वाईट वाटलं. फलक त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवलाय, कोपऱ्यात उभ्या केलेल्या पोरासारखा.

झालं. इथलं कोणी तुझी वाट अडवून उभं नाही. आता मॅडमकडे जा.

तुझा मामा

ता. क. दोन रक्तं आंधळेपणाने मिसळू नकोस. मागे वाचलं होतं की निरनिराळ्या गटांची रक्तं एकमेकांवर रुसतात. तुला माहीतच असेल. मला माहीत आहे एवढंच सांगायचं होतं.

२२ जून

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. या वेळी लांबलचक, बैठक मारून वाच. मामीलाही बसव.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी गेले. मॅडम मशीनजवळ उभ्या होत्या. मी एका दमात सांगून टाकलं.

"चाळणी कधी बंद केलीस?"

"हिवाळ्यात."

"आणि मला आज सांगतेस."

"हो."

"निकाल वाईट आला म्हणून?"

"निकाल नाही अजून. परीक्षाच केली नाही."

त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "निकालाआधी आलीस म्हणून बस म्हणते. नंतर आली असतीस तर उभ्या उभ्या बोलले असते." आणि मग, मामा, बसवून बोलल्या. शेजारच्या खोलीतले लोक दार लावून घेत होते. शेवटी म्हणाल्या, "परिषदेला मी कळवते. भाषण मागे. तू रक्त मिसळ."

भाषण गेलं. छापील कार्यक्रमात माझ्या नावावर पट्टी चिकटवली होती असं तिथे जाऊन आलेल्यांनी सांगितलं. प्रबंध या वर्षी होत नाही. ते लागलं, लागतंय अजून.

पण परीक्षा झाली. नुकत्या आजारातून उठलेल्या एक बाई आणि एक गृहस्थ, एकमेकांना न ओळखणारे, रक्तगट एकच (होय, मला माहीत होतं). काढल्या काढल्या दोन्ही रक्तं एकत्र केली. वाचलं. मशीनमध्ये चुकून झालेल्या जोड्या होत्याच आणि त्यांत बाईच्या नि पुरुषाच्या चिठ्ठ्यांची सरमिसळ व्हायला हवी तशी झालेली होती. मग माझा घोळका उघडला. मला बघवेना. शंकासुराने संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवला.

सरमिसळ नव्हती. बाईच्या बाईकडे, पुरुषाच्या पुरुषाकडे.

मी ओरडले, "म्हणजे एकच पेशी! नवी!" शंकासुर म्हणाला, "किंवा?" मला त्याला पिपेट फेकून मारावंसं वाटलं. पण मॅडमही म्हणाल्या, "किंवा? आता डोळ्यांनी बघ." मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या.

दोघीच होत्या, मामा. एक मोठी मोनोसाइट आणि तिला बिलगलेली लहान टी-पेशी. दुसरीकडे पाहिलं, तशीच जोडी. तिसरीकडेही. आम्ही ढवळलं, पातळ केलं, तरी सोडेनात. मशीनने त्यांना एकत्र कोंबलं नव्हतं. कोंबलं असतं तर बाईची पुरुषाच्या गळ्यातही पडली असती. त्या ज्याच्या त्याच्या अंगातूनच एकमेकींना धरून आल्या होत्या आणि तशाच एका थेंबात जाऊन बसल्या.

म्हणजे चाळणी बरोबर होती, त्या दोन आहेत. नवी पेशी नाहीच. माझा शोध नाहीच. आणि तरी काहीतरी आहे, आजारातून उठलेल्यांच्या रक्तातच त्या अशा जास्त दिसतात ना. मॅडम भिंगातून एकामागून एक जोड्या मोजत बसल्या. मग म्हणाल्या, "प्रकरण नव्याने लिही. पहिल्या पानावर चाळणीचं लिही. मग या दोघींचं." शंकासुर मदत करणार आहे.

त्याच्यावरून आठवलं. तो विवाहित आहे. घरी जुळ्या मुली आहेत. मी तुझं पत्र त्याला दाखवलं, तो इतका लाजला की त्या दिवशी एकही शंका आली नाही. तुला आणि मामीला नमस्कार सांगितलाय.

वाचनालयात आता काय सांगशील, मामा? नवीन काही नाही, दोन जुन्याच पेशी एकमेकींना धरून बसल्या होत्या, असं?

तुझी भिंगरी

३० जून

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद तुला, आणि त्या दोघींनाही.

तू विचारलंस काय सांगशील. मी काहीच सांगितलं नाही, तुझं पत्र वाचून दाखवलं. या वेळी आधी शेवटचं पान बघितलं, मनाई नव्हती. सगळं वाचलं, चाळणीचं, मॅडमच्या स्टुलाचं, नावावरच्या पट्टीचं. पट्टीपाशी मी चष्मा पुसायला थांबलो तेव्हा औषधवाल्याने पाणी आणून दिलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तो गप्प बसला हे तुझ्या शोधाइतकंच दुर्मीळ आहे.

"दोघीच होत्या, मामा" हे वाचलं तेव्हा मागच्या बाकावरची माणसं उठून पुढे आली. कार्यवाहांनी विचारलं, "म्हणजे सत्कार नाही?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग आपण तिला नुसतंच बोलावू. हेच सगळं तिने आपल्याला सांगावं." फलक ते पुन्हा रंगवायला देणार होते, मी नको म्हटलं. फळ्यावर खडूने लिहा म्हटलं. पुसता येतं.

तर जुलैत ये. ताईला आण, इथे जिना नाही. जुळ्यांच्या बापालाही आण, त्याची मी माफी मागणार आहे, आणि मामी त्याला बघणार आहे. ती म्हणते, नवरा म्हणून नाही तर नाही, माणूस म्हणून कसा आहे ते तरी बघू.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. पत्र संपलं आणि मामी, जी वाचनालयात कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "पण त्या दोघी एकमेकींना धरून काय करतात? एक दुसरीला काही सांगते, की सोडत नाही म्हणून भांडते?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हौद, हातरुमाल, दोऱ्याची खूण, सगळं मला पाठ आहे. याला उत्तर नव्हतं. मी तुझं पत्र पुन्हा चाळलं, त्यातही नव्हतं. मी म्हटलं, "विचारून सांगतो." तेव्हापासून लॉन्ड्रीत कपडे द्यायला येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो. काहींचे कपडे मळलेलेही नसतात.

तेव्हा लिही. तुलाही ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही" एवढंच लिही, मी तेही वाचनालयात मोठ्याने वाचीन. पण लवकर लिही, मंडळी खोळंबली आहेत.

तुझा मामा